सांगितलं तेवढंच

“दोन वेगळी माणसं, दोन वेगळी वर्षं, आणि उत्तर शब्दाला शब्द तेच! आता बसवा समिती, लावा खुर्च्या, भरा पाणी. माझी दुपार गेलीच, वर ही दुखरी पाठ.”

लिफ्टमध्ये माणसं जितकी जवळ येतात तितकी घरातसुद्धा येत नाहीत, त्यामुळे हे गाऱ्हाणं थेट तिच्या कानात पडलं. परीक्षा विभागाचा शिपाई पाण्याचा जग छातीशी धरून उभा होता. बोलत होता शेजारच्या कारकुनाशी, पण कारकून इतका बुटका की शिपायाचे शब्द त्याच्या टकलावरून घसरून मागे भिंतीला टेकलेल्या तिच्यापर्यंत येत होते. “अक्षरसुद्धा तेच आहे म्हणे,” कारकून म्हणाला. “अक्षर तेच असणार ना राव, लिहिणारी बाई एकच! ज्या पोरांना दिसत नाही, ज्यांचे हात चालत नाहीत, त्यांचे पेपर लिहिते ती. तिलापण बोलावलंय आज.” “मग तिनंच तर नाही ना—” “आपल्याला काय करायचंय,” शिपाई म्हणाला आणि जग सावरला. थोडं पाणी तिच्या चपलेवर सांडलं. “सॉरी हं ताई,” तो मागे न बघताच म्हणाला. “असू दे,” ती म्हणाली, आणि खरंच वाटलं तिला, असू दे, सगळंच असू दे, लिफ्ट अशीच वर वर जात राहू दे, या इमारतीला शेवटचा मजला नसू दे.

फोनवर तिला एवढंच सांगितलं होतं की येऊन भेटा. तिला वाटलं नवीन विद्यार्थी असेल. म्हणून तिनं सकाळी पेनात नवी रिफिल घातली होती, नखं कापली होती. नखं ती नेहमीच कापायची पेपरच्या आधी. नख कागदाला लागलं की आवाज होतो आणि ज्यांना दिसत नाही त्यांना तो आवाज फार मोठा वाटतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप कळलं होतं. तिला बहुतेक सगळंच असं आपोआप कळलेलं होतं. शाळा संपली तेव्हा शिक्षणही संपलं. उरलं ते अक्षर. गोल, उभं, कुणालाही वाचता येईल असं. त्या अक्षरावर तिनं किती जणांना पदव्या मिळवून दिल्या, आणि स्वतः मात्र होती तिथेच. मोठी बहीण, जिच्याकडे ती राहायची, ती भाजी निवडताना म्हणायची, “जगाचे पेपर लिहिलेस गं बाई, पण तू पास कशात झालीस?” ती म्हणायची, “ताई, मी पास करण्यातली आहे, होण्यातली नाही.” मग दोघी हसायच्या, आणि ताई हसता हसता तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघायची.

तिच्या डोक्याची धर्मशाळा झालेली होती, हे मात्र तिनं ताईलाही सांगितलं नव्हतं. इतक्या लोकांची इतकी उत्तरं त्या डोक्यातून गेली, आणि जाताना प्रत्येक जण काहीतरी विसरून गेला. कुणी यकृताचा अर्धा भाग, कुणी कराराच्या कायद्यातलं एक कलम, कुणी एका युद्धाची फक्त कारणं. परिणाम नाहीत, कारण परिणामांपर्यंत पोचायच्या आधी वेळ संपली होती. दुकानात रांगेत उभी असताना मध्येच तिच्या मनात यायचं, ‘म्हणून खडकांचे तीन प्रकार पडतात’, आणि ती इकडेतिकडे बघायची, जणू कुणीतरी शेजारून बोललं. कोण बोललं होतं ते? दोन्ही हात अपघातात गेलेला तो मुलगा? की ती जाड चष्म्यातली, जी ‘पूर्णविराम’ म्हणताना दरवेळी सुस्कारा टाकायची? आवाज आठवायचा, चेहरा नाही. चेहऱ्याकडे बघायचं नसतं. लेखनिकानं चेहऱ्याकडे बघितलं की विद्यार्थ्याला उत्तर बरोबर की चूक याचा वास लागतो. प्रत्येक पेपरच्या आधी पर्यवेक्षक कागद समोर धरून वाचायचे आणि ती ते अंगाईसारखं ऐकायची: सांगितलं तेवढंच लिहायचं. भर घालायची नाही, गाळायचं नाही, सुधारायचं नाही. चूक ऐकलीत तर चूकच लिहायची. खोकायचं नाही, ‘हं’ म्हणायचं नाही. एका मुलानं यकृत डावीकडे सांगितलं तेव्हा तिनं डावीकडेच लिहिलं होतं, दात ओठांवर रोवून, आणि घरी येऊन रात्रभर तिची उजवी कूस दुखली होती.

लिफ्टचं दार उघडलं. लांब बोळ. दोन्ही बाजूंना बंद दारं, खालून पडणारा उजेड, आणि दूर टोकाला बाकावर भिंगरी आणि तिची आई. भिंगरी हे त्या मुलीचं घरातलं नाव, पहिल्याच पेपरला ती इतकी भराभर बोलली होती की घामाघूम होऊन हिनं विचारलं, “अगं, तुला घरी काय म्हणतात?” आणि उत्तर ऐकून पोट धरून हसली होती. तेव्हापासून तीन वर्षं भिंगरीचा प्रत्येक पेपर तिनंच लिहिला. भिंगरीला शाळेत असेपर्यंत दिसायचं. मग उजेड असा गेला जसा संध्याकाळी जातो, कळत नाही नेमका कधी. आता ती मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती, पुढचा प्रवेशही दुसऱ्या शहरात ठरलेला, आणि आज बाकावर बसली होती हात मांडीखाली दाबून, न बोलता. न बोलणारी भिंगरी म्हणजे उलटी ठेवलेली खुर्ची. माणसाला कुठे बसावं कळेना.

“आलात मावशी?” भिंगरीची आई घाईघाईनं उठली आणि तिचा दंड धरून तिला खिडकीशी घेऊन गेली. “काही घाबरायचं नाही. मी चौकशी केली सगळी. नक्कल सिद्ध झाली तर सगळं वर्ष जातं, आणि कागदावर शेरा पडतो तो कायमचा. पण सिद्ध कशी होणार? तुम्ही एवढंच म्हणायचं: ती बोलली, मी लिहिलं. बस्स.”

“ती बोलली, मी लिहिलं,” ती म्हणाली. म्हणून बघितलं. तोंडात नीट बसत होतं वाक्य.

“इतकी वर्षं तुम्ही घरच्यासारख्या. माझ्यापेक्षा जास्त तुम्हाला तिचं मन कळतं, मी म्हणते ना सगळ्यांना.” आईचे डोळे मात्र म्हणत होते काहीतरी दुसरंच, आणि ते दुसरं इतकं जवळ होतं की दोघींनीही नजर खिडकीबाहेर टाकली. खाली अंगणात मुलं सायकलींना कुलपं लावत होती.

“मावशी आल्या का?” भिंगरीनं बाकावरून विचारलं.

“आले गं.”

“बरं,” भिंगरी म्हणाली. एवढंच. नाहीतर एरवी तिनं रिफिल कोणत्या रंगाची आणली इथपासून सुरुवात केली असती.

आत तिघांना तीन खुर्च्या होत्या आणि समोर टेबलापलीकडे समितीचे अध्यक्ष, सर्दीनं बेजार, रुमाल हातातच. त्यांच्या शेजारी परीक्षक, तरुण बाई, जिनं दोन्ही पेपर तपासले होते. शिपाई जग ठेवून गेला, जाताना तिच्या चपलेकडे बघून थबकला, ओळख पटल्यासारखा लाल झाला आणि दार हळू ओढून घेतलं. अध्यक्षांनी आधी नियम वाचले. दुसऱ्याचे विचार वा शब्द स्वतःचे म्हणून मांडणे. अनधिकृत साहाय्य घेणे. अनधिकृत साहाय्य देणे. घेणे-देणे, जणू वाटीभर साखर शेजारी दिली. “आम्हाला कुणाचं वाईट करायचं नाही,” अध्यक्ष शिंकून म्हणाले. “उलट आम्हाला तर हे आजच मिटवायचंय. मॅडम, तुम्ही तो उतारा वाचा.”

परीक्षकबाईंनी वाचला. “‘टेबलाखाली पडलेला बारीक स्क्रू डोळ्यांनी सापडत नाही. दिवा बंद करावा, गुडघ्यांवर बसावं आणि तळहात जमिनीवरून हळू फिरवावा. विसरलेल्या गोष्टीचंही तसंच आहे. ती शोधायची नसते. नुसता हात फिरवत राहायचं असतं.’ दोन वर्षांपूर्वीच्या एका पेपरात हेच होतं. मला आवडलं होतं फार. घरी जाऊन नवऱ्याला म्हणून दाखवलं होतं मी. म्हणून लक्षात राहिलं, नाहीतर कोण कुणाचं लक्षात ठेवतं.” त्यांचा आवाज अपराध्यासारखा झाला, जणू आवडणं हाच गुन्हा होता.

पण त्या वाचत होत्या तेव्हा तो आवाज त्यांचा नव्हताच. सावकाश, जरा खरखरीत, प्रत्येक शब्द चिमट्यानं उचलून ठेवावा तसा तो घड्याळजींचा आवाज होता. सारा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला आणि मग हात कापायला लागले. धंदाच संपला. दुकान विकून ते या वयात पोरांच्या शेजारी वर्गात जाऊन बसले. “हातानं दगा दिला, म्हटलं डोकं वापरून बघू,” असं म्हणाले होते पहिल्या दिवशी. पेन त्यांना बोटांत धरवत नव्हतं, म्हणून ती. तीन वर्षं त्यांच्यासमोर बसून तिनं त्यांची वाक्यं लिहिली आणि नियमाप्रमाणे चेहऱ्याकडे पाहिलं नाही. पाहिले ते हात. टेबलावर ठेवलेले, थरथरणारे, पण मोठे, स्वच्छ. एखादा विचार सापडला की क्षणभर पूर्ण थांबणारे. ते थांबले की तिला कळायचं, आता वाक्य येणार. तो स्क्रूचा उतारा आला तेव्हा हात असेच थांबले होते. तिनं लिहिला, पूर्णविराम दिला, आणि लक्षात आलं की आपले डोळे भरलेत. लेखनिकाला रडायला मनाई आहे असं नियमात कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते कुणाला सुचलंच नसावं. पेपर संपल्यावर घड्याळजी म्हणाले होते, “बाई, तुमच्या अक्षरात माझी वाक्यं शहाणी वाटतात.” ती म्हणाली, “तुमची आहेतच शहाणी.” एवढंच बोलणं झालं. याहून जास्त काही झालं असतं का? झालं असतं तर कसं झालं असतं? ताईनं एकदा विचारलं होतं, “ते घड्याळजी हल्ली बोलावत नाहीत का गं?” “पास झाले,” ती म्हणाली होती, आणि उगीचच पाण्याचा नळ मोठा सोडला होता.

“त्या गृहस्थांना आम्ही संपर्क करायचा प्रयत्न केला,” अध्यक्ष म्हणत होते. “तो नंबर आता अस्तित्वात नाही म्हणे.”

अस्तित्वात नाही. किती सोपं म्हणतात लोक. तिच्या आत कुठेतरी एक खुर्ची सरकली. म्हणजे शहर सोडून लेकीकडे गेले असतील. किंवा. आणि त्या ‘किंवा’पाशी ती थांबली, जसं जिन्याच्या शेवटी अंधारात आणखी एक पायरी आहे वाटून पाय थांबतो.

आणि मग ती दुपार आलीच, जिला ती सकाळपासून, खरं तर गेले कित्येक दिवस, बाजूनं टाळून जात होती. भिंगरीचा शेवटचा पेपर. जुने नकाशे आणि मोडक्या खुर्च्या ठेवायची ती छोटी खोली, कारण वेगळं बसवायचं म्हणजे कुठे बसवणार. पर्यवेक्षक दाराबाहेर फोनवर पडद्यांच्या कापडाबद्दल कुणाशी तरी वाद घालत होत्या, “नाही हो, फिका निळा म्हणजे धुतलेला वाटतो.” खिडकीतून पिवळट ऊन गुंडाळलेल्या नकाशांवर आलं होतं. प्रश्न होता, विसरण्याची कारणं सांगा, एक उदाहरण द्या. भिंगरीनं कारणं सांगितली, धडधड, स्वल्पविरामांसकट. मग म्हणाली, “आता उदाहरण.” आणि थांबली. भिंगरी थांबली तेव्हा खोलीत इतकं निवांत झालं की नकाशांवरचे समुद्र ऐकू यावेत. ऊन हललं. तिला वाटलं आपल्याला डुलकी लागतेय, पण ती डुलकी नव्हती. फक्त खोलीची एक भिंत मऊ झाली आणि तिच्यातून एक दुसरी खोली आली, तेच टेबल, त्यावर मोठे स्वच्छ हात, ते थरथरत होते आणि मग थांबले. आणि आवाज. टेबलाखाली पडलेला बारीक स्क्रू. तिनं ऐकलं. खरंच ऐकलं. ऐकलं नसतं तर लिहिलं कसं असतं? सांगितलं तेवढंच लिहायचं, आणि तिला सांगितलं गेलं होतं. कुणी सांगितलं, हे विचारायची लेखनिकाला सवय नसते. ओळी संपल्या, ऊन पुन्हा जागच्या जागी आलं, आणि भिंगरी हळूच म्हणाली, “पुढचा प्रश्न घेऊ या मावशी.” हळूच. भिंगरी कधी काही हळू म्हणायची नाही.

“आता असं बघा,” अध्यक्षांनी रुमाल घडी करून ठेवला. चेहऱ्यावर माणसाला वाट सापडल्यावर येतं तसं हसू होतं. “मी यावर विचार केला. ही कल्पना, म्हणजे अंधारात हातानं चाचपणं, ही दृष्टी नसलेल्या व्यक्तीला स्वतंत्रपणे सुचणं अगदी स्वाभाविक आहे. नाही का? शब्द जुळले, तो योगायोग. लेखनिक एकच, तेव्हा शब्दांची ठेवण थोडी सारखी येणार. असं आपण नोंदवलं तर नक्कल नाही, साहाय्य नाही, कुणाचंच काही जात नाही.”

“तेच तर!” भिंगरीची आई म्हणाली. “घरात ती अशीच शोधते हो सगळं. हातानं.”

“कधी?” भिंगरी म्हणाली.

“अगं, म्हणजे—”

“कधी गं आई? मला दिसत नाही म्हणजे मी काय दिवसभर फरशी पुसत फिरते? माझ्या वस्तू मी जागेवर ठेवते. पडलं काही तर दादाला हाक मारते, तो शिव्या देत उचलतो. स्क्रू तर मी आयुष्यात हातात धरलेला नाही.”

परीक्षकबाईंना हसू आलं आणि त्यांनी ते पाण्याच्या घोटात लपवलं. आईनं मुलीच्या गुडघ्यावर हात ठेवला, जोरात. “ती चिडलीय सर. ताण आलाय. मावशींना विचारा ना तुम्ही. त्या सांगतील.”

सगळे तिच्याकडे वळले. भिंगरीसुद्धा वळली, कुणाचा आवाज नसताना, नेमकी तिच्या दिशेनं. किती वर्षांनी कुणीतरी तिच्याकडून उत्तराची वाट बघत होतं. आणि तिच्याजवळ उत्तरं तर होती, खडक, करार, युद्धं, पण ती सगळी कुणाकुणाची. तिच्या मनात आलं, हो म्हणावं. हो म्हटलं तर भिंगरी पदवी घेऊन दुसऱ्या शहरात जाईल, आई मिठाईबरोबर रडूही आणेल, आणि आपल्याला पुन्हा नकाशांच्या खोलीत बसता येईल, कुणाच्या तरी समोर. नाही म्हटलं तर पेपर रद्द, मुलीचं वर्ष गेलं, आणि आपण पुन्हा कुणासाठीही एक ओळ लिहायची नाही. घरी ताईची भाजी निवडायची. हा हात मग काय करेल? आणि याच्याही खाली, अगदी तळाशी, एक लाजिरवाणी गोष्ट होती: त्या ओळी पुन्हा एकदा लिहायला मिळाल्या याचा तिला त्या दुपारी आनंद झाला होता.

“बाई,” अध्यक्ष मऊपणानं म्हणाले, “तिनं सांगितलं तेवढंच लिहिलंत ना तुम्ही?”

“मला ऐकू आलं होतं,” ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला लांबून, बोळाच्या टोकावरून आल्यासारखा वाटला. “ऐकू आल्याशिवाय माझा हात चालत नाही, सर.”

“झालं तर मग,” अध्यक्ष म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं. आईनं श्वास सोडला. परीक्षकबाईंनी कागद उलटा ठेवला आणि कुणाकडेच पाहिलं नाही. खोलीत एक सैलपणा पसरला, प्रवासाला निघालेल्या माणसाची गाडी चुकता चुकता मिळावी तसा. प्रत्येकजण आपापली पिशवी उचलायच्या बेतात. तिलाही वाटलं, उठावं. पण भिंगरी उठली नाही. तिनं मांडीखालचे हात बाहेर काढले आणि आईचा हात गुडघ्यावरून अलगद उचलून आईच्याच मांडीवर ठेवला.

“मावशी,” ती म्हणाली, “तुमच्यावर राग नाहीये माझा. हे आधी सांगते. तुम्ही नसता तर मी पहिल्याच वर्षी घरी बसले असते.”

“भिंगरे, गप्प बस,” आई कुजबुजली.

“गप्पच तर बसले होते तेव्हा. सर, टोपण लावा पेनाचं. मला उदाहरण येत नव्हतं. मी एक शब्द बोलले नव्हते. मी गप्प होते आणि पेन चालत होतं, मला स्पष्ट ऐकू येत होतं. थांबवायला पाहिजे होतं. पण मला इतकं बरं वाटत होतं, की कुणीतरी माझ्यासाठी लिहितंय.”